स्वतःचा क्रमांक शेवटचा

भारतीय लष्करातल्या अधिकाऱ्याने काय जपायचे आणि कोणत्या क्रमाने जपायचे, हे देहरादूनच्या भारतीय सैन्य अकादमीतल्या चेटवुड सभागृहात कोरून ठेवलेले आहे. देशाची सुरक्षितता, मान आणि हित सर्वांत आधी. त्यानंतर हाताखालच्या माणसांचा मान, त्यांचे हित आणि त्यांची सोय. अधिकाऱ्याची स्वतःची सोय, आराम आणि सुरक्षितता सगळ्यांत शेवटी. हा क्रम कोणत्याही परिस्थितीत उलटा होत नाही. १० डिसेंबर १९३२ रोजी अकादमीच्या उद्घाटनाच्या भाषणात तेव्हाचे सरसेनापती सर फिलिप चेटवुड यांनी तो सांगितला. समोर चाळीस छात्र होते. या पहिल्या तुकडीतून पुढे तीन देशांचे लष्करप्रमुख झाले: भारताचे सॅम माणेकशॉ, पाकिस्तानचे मोहम्मद मुसा आणि ब्रह्मदेशाचे स्मिथ डन. सांगणारा परक्या सत्तेचा सेनापती होता, ती सत्ता पंधरा वर्षांत गेली. क्रम मात्र स्वतंत्र भारताच्या सैन्याने जसाच्या तसा ठेवला.

या तीन पायऱ्यांपैकी पहिली पायरी भाषणात सगळेच म्हणतात. खरी कसोटी दुसरी आणि तिसरी यांच्यामधल्या अंतरात असते, कारण ते अंतर रोज मोजता येते. जेवण आधी कोणाला मिळाले, पावसात तंबू आधी कोणाचा उभा राहिला, रजा आधी कोणाची मंजूर झाली, या प्रश्नांची उत्तरे पलटणीतला प्रत्येक जवान जाणून असतो. अधिकाऱ्याविषयीचे त्याचे मत तिथेच बनते. युद्धाची वेळ येते तेव्हा ते मत आधीच पक्के झालेले असते.

पायदळाच्या पलटणीत नवा लेफ्टनंट येतो तेव्हा त्याचे वय बाविशीच्या आसपास असते. त्याच्या प्लाटूनमध्ये तीसेक जवान, आणि मदतीला एक सुभेदार किंवा नायब सुभेदार, ज्याची नोकरी या लेफ्टनंटच्या वयाएवढी झालेली असते. हुद्द्याने मोठा बाविशीचा, अनुभवाने मोठा पंचेचाळिशीचा. म्हणून सुभेदार लेफ्टनंटला सलाम करतो आणि लेफ्टनंट सुभेदाराला ‘साहेब’ म्हणतो. ही दुहेरी अदब लष्कराने फार विचाराने जपली आहे. तरुण अधिकाऱ्याने सुभेदाराकडून शिकायचे असते, पण निर्णय आणि त्याची जबाबदारी त्याचीच राहते. अनेक पलटणींत नव्या अधिकाऱ्याला सुरुवातीचे काही आठवडे अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जागाच मिळत नाही. त्याने जवानांच्या बराकीत राहायचे, त्यांच्याबरोबर पहाटेची पीटी करायची, लंगरमध्ये त्यांच्या पंगतीत जेवायचे. कोणाच्या घरी म्हातारी आई एकटी आहे, कोणाच्या शेताचा वाद तहसीलदाराकडे अडकला आहे, कोणाच्या बहिणीचे लग्न ठरते आहे, हे त्याला याच काळात कळते.

पुढच्या सगळ्या कामांचा पाया तोच असतो. लांबच्या कूचनंतर अधिकारी जवानांचे पाय तपासतो, कारण फोड आलेला पाय दुसऱ्या दिवशी सगळ्या तुकडीला मागे खेचतो. लंगरचे जेवण ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याने चाखून पाहायचे असते. रात्रीच्या पहाऱ्यावर तो स्वतः चक्कर मारतो. सणासुदीला सगळे हुद्दे एकत्र जेवतात, त्या ‘बडा खाना’त अधिकारी जवानांना वाढतात. पलटणीच्या मंदिरात किंवा सर्वधर्मस्थळात तो आपल्या माणसांबरोबर उभा राहतो, मग त्याचा स्वतःचा धर्म कोणता का असेना. मराठा लाइट इन्फन्ट्रीत आलेला पंजाबी किंवा मल्याळी अधिकारी मराठी शिकतो, कारण अर्ज घेऊन आलेला जवान घरची अडचण स्वतःच्या भाषेतच मोकळेपणाने सांगू शकतो. कागदावर या साऱ्याची नोंद ‘जवानांचे कल्याण’ अशी होते. खरे तर हीच युद्धाची तयारी आहे. ज्याने आपल्या रजेचा अर्ज आठवणीने पुढे पाठवला, त्याच्या मागे जवान गोळीबारात उठून जातो.

असा माणूस निवडायचा कसा, यावर लष्कराने बराच विचार केलेला आहे. सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची निवड पाच दिवस चालते. भारतात अशी मंडळे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाली. उमेदवाराच्या पंधरा गुणांची तपासणी तीन वाटांनी होते: मानसशास्त्रीय चाचण्या, मुलाखत आणि मैदानावरची सामूहिक कामे. त्याच्या मनात काय आहे, तो बोलतो काय आणि करतो काय, यांचा मेळ बसतो का, हे परीक्षक पाहतात. मैदानावरच्या बहुतेक कामांत मुद्दाम कोणालाही नेता नेमत नाहीत. फळ्या, दोर आणि ओंडका देऊन गटाला अडथळा पार करायला सांगतात. कोण ओरडतो, कोण ऐकतो, कोण दुसऱ्याची चांगली कल्पना उचलून धरतो आणि शेवटचा गडी पलीकडे येईपर्यंत कोण मागे थांबतो, हे बाजूला उभा असलेला अधिकारी टिपत राहतो. मोठ्या आवाजाचे उमेदवार इथे बऱ्याचदा मागे पडतात.

निवड झालेल्यांपैकी अनेकांचे पुढचे घर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. पंडित नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी तिची कोनशिला बसवली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी तिचे औपचारिक उद्घाटन झाले. मुख्य इमारतीला सुदान ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिकांनी केलेल्या कामाच्या स्मरणार्थ सुदानने दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. भूदल, नौदल आणि हवाई दलाचे छात्र इथे तीन वर्षे एकत्र राहतात, शिकतात. पळणे, पोहणे, घोड्यावर बसणे, परेड हा शरीराचा भाग झाला. त्याहून अवघड असतो खोटे न बोलण्याचा नियम. परीक्षेत नक्कल करणाऱ्याला किंवा खोटे सांगणाऱ्याला आळशी छात्रापेक्षा कितीतरी कडक शिक्षा होते. याचे कारण भावनेचे नाही. सीमेवरून अधिकारी जो अहवाल पाठवतो, त्यावर तोफखाना मारा करतो. त्या अहवालात एक खोटा शब्द असला तर आपलीच माणसे मरतात. वरिष्ठ छात्रांच्या एका खडतर शिबिराला तोरणा गडाचे नाव आहे. ३० मे २०२५ रोजी प्रबोधिनीतून पहिल्यांदाच सतरा मुली पदवी घेऊन बाहेर पडल्या. संस्थेला जवळजवळ सत्तर वर्षे झाल्यावर हे दार उघडले. ते खूप आधी उघडायला हवे होते.

लष्करी हुकूम कसा द्यायचा, हेही एक स्वतंत्र शास्त्र आहे, आणि नागरी जीवनात त्याची उणीव पदोपदी जाणवते. हल्ल्याआधी जमिनीवर माती, दगड, सुतळी यांनी प्रदेशाचा नमुना मांडतात. शत्रूची आणि आपली माहिती, उद्दिष्ट, ते साधण्याची रीत, रसद आणि जखमींची व्यवस्था, संपर्काची सोय, असा ठरलेला क्रम असतो. उद्दिष्ट एकाच वाक्यात सांगायचे आणि दोनदा सांगायचे. मग अधिकारी विचारतो, ‘कोई शक?’ हा प्रश्न उपचारापुरता नसतो. शेवटच्या शिपायालाही शंका विचारण्याचा हक्क असतो, आणि त्याच्या शंकेत हल्ल्याचे यश दडलेले असू शकते. शेवटी सगळे घड्याळे जुळवतात. अधिकारी पडला तर हवालदार, हवालदार पडला तर नायक पुढे नेईल, इतके स्पष्ट उद्दिष्ट सगळ्यांच्या डोक्यात उतरलेले असते. एका माणसाच्या डोक्यात राहिलेला बेत लष्कराच्या दृष्टीने बेतच नव्हे.

हे सारे प्रत्यक्षात कसे दिसते, ते राम राघोबा राणे यांच्या चार दिवसांत पाहता येते. राणे कारवारजवळच्या चेंडियाचे, जन्म १९१८. १९४० मध्ये ते शिपाई म्हणून बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. एप्रिल १९४८ मध्ये, काश्मीरच्या युद्धात, नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या सैन्याबरोबर ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची त्यांची तुकडी होती. काम होते रस्ता मोकळा करण्याचे: सुरुंग काढणे, आडवी पाडलेली झाडे उडवणे, तोडलेल्या मोऱ्यांना वळणरस्ते करणे. रणगाड्यांना डोंगरी रस्ता सोडून जायला दुसरी वाट नव्हती, म्हणून रस्ता अडला की सगळी मोहीम अडत होती.

८ एप्रिलला बारवालीजवळ काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांचा मारा आला. दोन जवान ठार झाले, पाच जखमी. जखमींत राणे स्वतःही होते. त्यांनी उरलेल्यांची लगेच नव्याने जुळणी केली आणि काम सुरू केले. दिवसभर ते रणगाड्यांजवळच राहिले. संध्याकाळी तिथला कडा ताब्यात आला, पण शत्रू पूर्ण हटला नव्हता. तरी रात्री दहापर्यंत, मशीनगनच्या माऱ्यात, वळणरस्ता खोदणे चालू राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून पुन्हा. दुपारी रस्ता तयार झाल्यावर राणे सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत बसले. अर्ध्या मैलावर पाइनची झाडे आडवी. उतरून ती उडवली. थोडे पुढे पुन्हा तसेच. मग तोडलेली मोरी, पुन्हा गोळीबार, पुन्हा वळण. १० एप्रिलला पहाटे पावणेपाचलाच ते कामाला लागले. सुरुंग पेरलेल्या रस्त्यावर त्यांनी रणगाड्याखाली सरपटत, चालकाला दोरांनी थांबण्याच्या आणि चालण्याच्या खुणा देत वाट काढल्याचे सांगतात. त्या दिवशी रणगाडे चिंगसला पोचले. ११ एप्रिललाही रात्री उशिरापर्यंत त्यांचे काम चालूच होते, आणि त्यानंतर सैन्य राजौरीत शिरले.

राण्यांच्या कामात नाट्य कमी आहे आणि चिकाटी अफाट आहे. चार दिवसांत एकदाही त्यांनी माणसांना पुढे पाठवून स्वतः मागे थांबण्याची सवलत घेतली नाही, आणि जखमी असूनही घेतली नाही. शिपायाचा अधिकारी झालेल्या माणसाला शिपायाचे भय आतून माहीत असते; त्याला धीर देण्याचा एकच मार्ग असतो, तेच काम शेजारी बसून करणे. राणे यांना परमवीर चक्र मिळाले. हा सन्मान हयातीत मिळवणाऱ्या मोजक्यांपैकी ते एक. पुढे अनेक वर्षे जगून १९९४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

नेतृत्व हुद्द्याबरोबर येते असे मानले तर दुसऱ्या महायुद्धातले दोन मराठे समजणार नाहीत. माणगावजवळचे नायक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, वरच्या टायबर खोऱ्यात, आपल्या सेक्शनबरोबर होते. जवळून आलेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्याशिवाय सगळे सेक्शन पडले. नेतृत्व करायला कोणी उरले नव्हते आणि पाहायलाही कोणी नव्हते. तरीही त्यांनी एकट्याने ठाण्यावर धाव घेतली, हातबाँब टाकला, एकाला गोळी घातली आणि उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने ठार केले. नंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांचा वेध घेतला. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव तर कंपनीचे निरोप्ये होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतलीच सेनियो नदी ओलांडताना त्यांनी जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून सुरक्षित जागी नेले, मग एकामागून एक तीन मशीनगन ठाणी गप्प केली. काम झाल्यावर ते नदीच्या बांधावर उभे राहिले आणि युद्धघोष देत मागच्या सैन्याला पुढे बोलावत राहिले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; घाडगे यांना मरणोत्तर.

या माणसांमागे गावे उभी होती. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात; पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले. मराठा लाइट इन्फन्ट्रीची परंपरा १७६८ पासूनची, तिचे केंद्र १९२२ पासून बेळगावात, आणि तिचा वार्षिक मराठा दिवस ४ फेब्रुवारी, म्हणजे तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला तो दिवस. जवान रणात उभा राहतो तो बऱ्याचदा शेजारच्या गड्याला आणि गावातल्या लोकांना तोंड दाखवता यावे म्हणून. पलटणीत यालाच इज्जत म्हणतात. अधिकाऱ्याने ती समजून घ्यायची असते आणि स्वतःच्या बढतीसाठी तिचा वापर करायचा नसतो.

सैन्याचे मोल त्याच्या शौर्याइतकेच, ज्यांच्या भूमीवर ते उभे असते त्या लोकांशी त्याच्या वागणुकीवरून ठरते. महाराष्ट्राला हे जुने ठाऊक आहे. चिपळूणजवळ हलवर्ण इथे पावसाळ्यासाठी थांबलेल्या घोडदळाच्या जुमलेदार-हवालदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र नेतृत्वाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात पहिले असावे. दाणा-वैरण जपून वापरा, नाहीतर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरून दाणे, भाकरी, गवत, लाकूड, भाजी आणायला लागाल, लोक परागंदा होतील आणि तुमच्यापेक्षा मोगल बरे असे म्हणतील, असा त्याचा आशय. पुढे आगीचीही सूचना आहे: गवताच्या गंजीजवळ चुली नको, तंबाखू ओढणे नको, रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल. लोकांच्या मनातली आपल्याविषयीची भावना आणि उंदराने नेलेली वात, दोन्हींचा विचार एकाच पत्रात करणारा सेनानी दुर्मिळ. १९७१ मध्ये पाकिस्तानी सैन्याच्या ढाक्यातल्या शरणागतीनंतर सुमारे ९३,००० युद्धकैदी भारताच्या ताब्यात आले, आणि त्यांना आंतरराष्ट्रीय करारांप्रमाणे वागवले गेले. ती शिस्त याच जातीची.

शत्रूपुढे धैर्य दाखवणारे पुष्कळ निघतात. वरिष्ठांपुढे दाखवणारे कमी. लष्करी कायदा आंधळे आज्ञापालन मागत नाही. १९५० च्या आर्मी ॲक्टमध्ये जो हुकूम मोडणे गुन्हा ठरते, तो कायदेशीर हुकूम आहे. त्यापुढचा टप्पा आहे, कायदेशीर पण चुकीच्या निर्णयाला वेळीच ‘नाही’ म्हणण्याचा. १९७१ च्या एप्रिलमध्ये पूर्व बंगालवर लगेच चाल करण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा पावसाळा तोंडावर आहे, सैन्य विखुरलेले आहे आणि हिमालयातल्या खिंडी मोकळ्या होत आहेत, म्हणून आपण तयार नाही, असे आपण पंतप्रधान इंदिरा गांधींना सांगितले, ही हकीकत माणेकशॉ यांनी पुढे अनेक व्याख्यानांत सांगितली. लढाई डिसेंबरमध्ये झाली आणि जिंकली गेली, म्हणून ही कथा सर्वांना आठवते.

ऐकले गेले नाही, अशा धैर्याची कथा लेफ्टनंट जनरल शं. पां. पा. थोरात यांची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे थोरात १९४५ मध्ये आराकानातल्या कांगॉच्या लढाईत बटालियन कमांडर होते आणि तिथे त्यांना डीएसओ हा शौर्यसन्मान मिळाला. १९५३ मध्ये कोरियात युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे ते प्रमुख होते. कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले, कैद्यांच्या पुढाऱ्यांशी बोलले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणले. पूर्व विभागाचे सेनापती असताना त्यांनी १९५९ मध्ये नेफाच्या, म्हणजे आताच्या अरुणाचल प्रदेशाच्या, सीमेच्या संरक्षणाचा आराखडा मांडला: सीमेवर विखुरलेली छोटी ठाणी टिकणार नाहीत, मागे पक्की संरक्षणरेषा हवी, त्यासाठी इतके सैन्य आणि इतके रस्ते हवेत. पुढच्या वर्षी लखनौला ‘लाल किला’ नावाच्या सरावात त्यांनी तोच धोका नकाशावर उलगडून दाखवला. संरक्षणमंत्र्यांनी तो इशारा भीतीपोटी दिलेला मानला. १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनच्या हल्ल्यात नेफात जे घडले ते त्यांच्या अंदाजाच्या फार जवळचे होते. माणेकशॉ यांचे ‘नाही’ जितके मोठे, तितकेच थोरातांचे. फरक ऐकणाऱ्यात होता. प्रामाणिक सल्ला देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य, पण तो ऐकण्याची तयारी हे सत्तेचे कर्तव्य आहे, आणि दुसरे नसेल तर पहिल्याची किंमत जवान भरतात.

त्या १९६२ च्या पराभवातही लडाखमधल्या रेझांग लावर १८ नोव्हेंबरला १३ कुमाऊँची चार्ली कंपनी जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. मेजर शैतान सिंह जखमी अवस्थेतही एका प्लाटूनकडून दुसरीकडे जात राहिले, आणि मला इथेच ठेवून तुम्ही निघा, असे त्यांनी आपल्या माणसांना सांगितले. समुद्रावरही क्रम तोच राहिला. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली, तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचे जीवरक्षक जॅकेट एका खलाशाला दिले आणि जहाजाबरोबर ते खाली गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक त्यात गमावले.

लष्कराचे हे सगळे नागरी जीवनात उचलता येत नाही, आणि उचलूही नये. हुद्द्याची शिडी, हुकमाची भाषा, गणवेशाचा दरारा शाळेत किंवा कचेरीत आणला तर उरते ती फक्त दंडेली. पुढे राहून नेतृत्व करण्याची भाषा व्यवस्थापनाच्या शिबिरांत खूप वापरली जाते. पण धोका आणि तोटा वाटून घेताना जो मालक मागे राहतो, त्याला ती शोभत नाही. घेण्यासारखा आहे तो क्रम: माणसांची सोय आधी, आपली नंतर, खोटा अहवाल कधीच नाही, उद्दिष्ट सर्वांना कळेल असे सांगायचे आणि शंका विचारू द्यायची, वरिष्ठाला अप्रिय सत्य वेळेत सांगायचे. यांपैकी एकाही गोष्टीला बंदूक लागत नाही.

महाराष्ट्रात असा क्रम अंगी बाणलेली माणसे गावोगाव आहेत. शिपाई आणि हवालदार बहुधा चाळिशीच्या आसपास निवृत्त होऊन घरी येतात. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीत लष्करातून परतलेल्या एका चालकाने, अण्णा हजारे यांनी, पाणलोटाचे आणि श्रमदानाचे काम उभे केले, ते शिस्त आणि स्वतः आधी कुदळ उचलण्याची सवय यांच्याच बळावर. बहुतेक गावांत मात्र निवृत्त सुभेदाराला १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला खुर्ची मिळते आणि उरलेले वर्ष त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. ग्रामसभांनी या माणसांना पाणी समितीत, शाळा समितीत, पूर आणि दरडींच्या वेळच्या बचाव पथकांत मागणी करून घ्यावे, आणि त्यांचे म्हणणे ऐकावे.